आधीं कृपा, कीं आधीं पावित्र्य?

पत्राच्या शेवटीं ‘कृपा असावी’ असें लिहिण्याची आपल्याकडे जुनी चाल होती, आणि ‘कृपा करून’ हे दोन शब्द तर आजहि दिवसांतून अनेकदां आपल्या तोंडीं येतात. ‘पवित्र’ हा शब्दहि तसाच घरचा. गंगा पवित्र, तुळस पवित्र, देवघर पवित्र. त्यामुळें एखादा ख्रिस्ती माणूस देवाच्या कृपेविषयीं किंवा पवित्र जीवनाविषयीं बोलूं लागला म्हणजे तो काय म्हणतो आहे हें आपल्याला कळलेंच असें आपण धरून चालतों. शब्द ओळखीचे, तेव्हां अर्थहि ओळखीचाच असणार! या दोन शब्दांच्या बाबतींत तें तितकेंसें खरें नाहीं. ख्रिस्ती विचारांत त्यांची सांगड अशा कांहीं विलक्षण रीतीनें घातलेली आहे कीं, तिच्यावरून सुमारें सोळाशें वर्षें वाद चालला, धर्मपरिषदा भरल्या, पंथ फुटले, आणि १९९९ सालीं त्या वादाच्या एका मोठ्या भागावर दोन्ही पक्षांच्या सह्यांनिशीं समेट झाला. हा वाद कशाविषयीं होता आणि त्यांत माणसाचें काय पणाला लागलें होतें, तें आज थोडें उलगडून सांगण्याचा विचार आहे.

प्रश्न साध्या शब्दांत मांडावयाचा तर असा आहे : माणूस पवित्र झाला म्हणजे देव त्याच्यावर कृपा करतो, कीं देवानें कृपा केली म्हणजे माणूस पवित्र होऊं लागतो? वरवर पाहणाऱ्याला हा शब्दांचा खेळ वाटेल. पण पहिलें उत्तर खरें मानलें तर ज्याचें आयुष्य एकदां बिघडलें त्याच्यासाठीं दार बंद झालें. दुसरें खरें मानलें तर ज्यानें दुसऱ्यांचीं आयुष्यें बिघडविलीं त्याच्यासाठींहि तें उघडें राहिलें. कोणतेंहि उत्तर द्या, त्याचें मोल कोणाला तरी मोजावें लागतें.

आधीं ‘पवित्र’ हा शब्द घेऊं. ख्रिस्ती धर्माकडे तो ज्यू लोकांच्या धर्मग्रंथांतून आला. त्यांच्या हिब्रू भाषेंतील शब्द ‘कादोश’ असा आहे, आणि त्याचा अर्थ वेगळा काढलेला, देवासाठीं राखून ठेवलेला, असा सांगतात. मंदिरांतील भांडें पवित्र, कारण तें घरच्या कामाला वापरावयाचें नाहीं. सातवा दिवस पवित्र, कारण तो इतर सहा दिवसांसारखा रोजगाराचा नाहीं. ज्यांच्या घरीं सोंवळें नेसून स्वयंपाक होत असे त्यांना ही कल्पना समजावून सांगण्याची गरज नाहीं. बायबलाच्या जुन्या करारांत ‘लेवीय’ नांवाचें एक पुस्तक आहे. काय खावें, काय खाऊं नये, कशाला शिवल्यानें विटाळ होतो, तो किती दिवस पाळावा, याचे त्यांतले बारकावे वाचतांना पुष्कळांना आपल्या आजीची आठवण होईल.

पण त्याच ग्रंथसंग्रहांत दुसराहि एक सूर आहे. ख्रिस्तपूर्व आठव्या शतकांत यशया नांवाचा एक संदेष्टा होऊन गेला. उज्जीया राजा वारला त्या वर्षीं त्याला देवाचें दर्शन झालें. उंच सिंहासनावर देव बसला आहे, सहा सहा पंखांचे सराफीम नांवाचे दूत त्याच्या पावित्र्याचा त्रिवार घोष करीत आहेत, त्या घोषानें उंबरठे हादरत आहेत आणि मंदिर धुरानें भरून गेलें आहे. हें पाहून यशयाला आनंद झाला नाहीं, तो भ्याला. आपले ओठ अशुद्ध, ज्या लोकांत आपण राहतों त्यांचेहि ओठ अशुद्ध, आणि असल्या माणसाच्या दृष्टीला हें पडलें, तेव्हां आपण आतां संपलों, असें त्याला वाटलें. इतक्यांत एका दूतानें वेदीवरचा निखारा चिमट्यानें उचलून त्याच्या ओठांना लावला आणि त्याचा दोष गेल्याचें सांगितलें. येथें एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. यशया स्नान करून, उपास करून, शुद्ध होऊन देवापुढें उभा राहिला नव्हता. तो होता तसाच सांपडला, आणि शुद्धि त्याच्याकडून तिकडे गेली नाहीं, तिकडून त्याच्याकडे आली. पुढच्या सगळ्या वादाचें बीज या एका निखाऱ्यांत आहे असें मला वाटतें.

येशू ख्रिस्ताच्या चरित्रांत हीच गोष्ट अधिक उघडपणें दिसते. सोंवळ्याचा नियम आपल्याला ठाऊक आहे : विटाळ लागतो, सोंवळें लागत नाहीं. ओंवळा माणूस सोंवळ्याला शिवला तर ओंवळ्याचा सोंवळा होत नाहीं. सोंवळ्याचाच ओंवळा होतो. शुभवर्तमानांत, म्हणजे येशूच्या चरित्रग्रंथांत, एक कुष्ठरोगी त्याच्यापुढें गुडघे टेकतो. नियमाप्रमाणें त्याला शिवावयाचें नाहीं. येशू हात पुढें करून त्याला स्पर्श करतो, आणि येशूला विटाळ होण्याऐवजीं तो मनुष्यच शुद्ध होतो. बारा वर्षें रक्तस्रावानें पीडलेली एक स्त्री गर्दींत त्याच्या वस्त्राला मागून हात लावते. तिचेंहि तसेंच होतें. म्हणजे नियमाची दिशाच उलटली. येथें विटाळाऐवजीं पावित्र्य संसर्गानें लागूं लागलें. पावित्र्य हें जपून, झांकून ठेवण्याचें नाजूक भांडें न राहतां, जेथें मळ आहे तेथें जाऊन काम करणारी शक्ति ठरलें.

आतां ‘कृपा’ हा शब्द. मराठी बायबलांत ज्या ग्रीक शब्दासाठीं तो योजिला आहे तो ‘खारिस’ असा आहे. प्रसन्नता, अनुग्रह, देणगी, अशा छटा त्यांत आहेत. लॅटिन भाषेंत त्याच्यासाठीं ‘ग्रातिया’ हा शब्द आला, आणि फुकट या अर्थाचा ‘ग्रातिस’ हा त्याच घराण्यांतला. म्हणून ख्रिस्ती परिभाषेंत कृपा म्हणजे नुसती कनवाळूपणाची दृष्टि नव्हे. जी मिळविली नाहीं, जिच्यावर हक्क सांगतां येत नाहीं, अशी देणगी म्हणजे कृपा.

येशूनें सांगितलेला द्राक्षमळ्याचा दाखला या ठिकाणीं फार उपयोगी पडतो. मळ्याचा मालक पहांटे मजूर आणावयास गेला आणि दिवसाला एक दिनार देण्याचें ठरवून त्यानें कांहीं माणसें लावलीं. नऊ वाजतां, बाराला, तीनला पुन्हा गेला. संध्याकाळीं पांच वाजतांहि चौकांत रिकामीं उभीं असलेलीं माणसें त्याला दिसलीं, त्यांनाहि त्यानें कामावर पाठविलें. दिवस मावळल्यावर मजुरी वाटतांना त्यानें शेवटीं आलेल्यांपासून सुरुवात केली आणि त्यांच्या हातावर पुरा दिनार ठेवला. पहांटेच्यांना अर्थात् अधिकाची आशा वाटूं लागली. पण त्यांनाहि दिनारच मिळाला. ते कुरकुरूं लागले तेव्हां मालकानें विचारलें कीं, ठरल्यांत मीं कांहीं कमी केलें का, आणि माझें मीं उदारपणानें दिलें तर तुमच्या पोटांत कां दुखावें. कोणत्याहि कामगार-पुढाऱ्याला हा मालक पसंत पडणार नाहीं, आणि खरें सांगावयाचें तर तो आपल्यालाहि पटकन् पटत नाहीं. याचें कारण असें कीं, गोष्ट ऐकतांना आपण नकळत पहांटेच्या मजुरांच्या रांगेंत जाऊन उभे राहतों. आपण पांच वाजतां आलेले आहों असें कोण समजतो? आणि जो तसें समजतो त्यालाच ही गोष्ट गोड लागते.

येशूनंतरच्या पहिल्या पिढींतील प्रचारक पौल यानें इ. स. ५५ च्या सुमारास ग्रीस देशांतील करिंथ शहरच्या मंडळीला एक लांब पत्र लिहिलें. आरंभींच तो त्या लोकांना ‘पवित्र जन’ म्हणून संबोधितो. हें वाचून वाटावें कीं मोठीं साधुवृत्तीचीं माणसें असतील. पुढें पत्रांत काय आहे? त्यांचे आपसांतले तट, एकमेकांवर कोर्टांत फिर्यादी, घरांतला अनाचार, आणि प्रभुभोजनाच्या पंक्तींत एक उपाशी तर दुसरा दारूनें धुंद! पौल त्यांना खरमरीत शब्दांत झाडतो. पण ‘पवित्र जन’ हें संबोधन मागें घेत नाहीं. त्याच्या दृष्टीनें तें त्यांच्या वागणुकीबद्दल मिळालेलें पदक नव्हतें. तें त्यांना आधींच देऊन टाकलेलें नांव होतें, आणि आतां त्या नांवाला शोभेल असें वागा, एवढेंच त्याचें मागणें होतें.

येथपर्यंत सारें सुंदर आहे. पण विचारी माणसाला यांतून एक अडचण दिसल्याशिवाय राहत नाहीं, आणि ती प्रथम जोरानें मांडणारा मनुष्य होता पेलागियस. हा मूळचा ब्रिटनचा. चौथ्या शतकाच्या अखेरीस तो रोमला आला. ख्रिस्ती होणें म्हणजे जिवाशीं खेळ, ते दिवस तोंपर्यंत गेले होते, इ. स. ३८० सालीं तर सम्राटाच्या फर्मानानें तो राज्याचाच धर्म झाला. नांवापुरतीं ख्रिस्ती झालेलीं सुखवस्तु घराणीं पेलागियसनें रोममध्यें पाहिलीं. त्यांना धर्माचरणाबद्दल विचारावें तर उत्तर ठरलेलें : माणसाचा स्वभावच दुबळा, आम्ही काय करणार! अशा वेळीं उत्तर आफ्रिकेंतील हिप्पो गांवचा बिशप ऑगस्टीन याच्या आत्मचरित्रांतील एक प्रार्थना त्याच्या कानीं पडली. देवा, तूं जी आज्ञा करशील ती पाळण्याचें बळहि तूंच दे, असा तिचा आशय होता. पेलागियस तें ऐकून संतापला. त्याचें म्हणणें असें कीं, देव न्यायी असेल तर जें अशक्य तें तो सांगणार नाहीं. त्यानें आज्ञा केली यावरूनच ती पाळण्याचें सामर्थ्य माणसांत आहे हें सिद्ध होतें. बुद्धि दिली, इच्छाशक्ति दिली, धर्मशास्त्र दिलें, ख्रिस्ताचें उदाहरण पुढें ठेवलें; आणखी काय पाहिजे? उठा आणि चांगले व्हा. पेलागियसला पुढें पाखंडी ठरविण्यात आलें, त्यामुळें त्याचें नांव वाईट झालें आहे. तरी मला त्याच्याविषयीं आदर वाटतो. आळशी माणसानें देवाच्या नांवावर आपला आळस खपवूं नये, ही त्याची तळमळ खरी होती.

ऑगस्टीनची तळमळहि तितकीच खरी होती. पण ती निराळ्या अनुभवांतून आलेली. इ. स. ३५४ सालीं आजच्या अल्जीरिया देशांत तो जन्मला. सोळाव्या वर्षीं त्यानें सोबत्यांबरोबर शेजारच्या झाडाचीं नासपतीं चोरलीं. भूक नव्हती, घरीं त्याहून चांगलीं फळें होतीं. बहुतेक डुकरांना टाकलीं. एवढ्याशा गोष्टीवर पुढें बिशप झाल्यावर त्यानें पानेंच्या पानें लिहिलीं, याचें कित्येकांना हसूं येतें. पण त्याला छळीत होतें तें फळांचें मोल नव्हे. वाईट आहे हें ठाऊक असून, फायदा नसून, केवळ वाईट म्हणून तें करावेंसें कां वाटलें, हा प्रश्न त्याला सोडीना. पुढें तो वक्तृत्वशास्त्राचा अध्यापक होऊन मिलानला गेला. चांगलें काय तें बुद्धीला पटलें, तरी मन हलेना. मनानें हाताला हुकूम केला तर हात उठतो, पण मनानें स्वतःलाच हुकूम केला तर तें ऐकत नाहीं, ही विचित्र स्थिति त्यानें जितक्या बारकाईनें वर्णिली आहे तितकी त्याच्यापूर्वीं क्वचितच कोणी वर्णिली असेल. ३८६ सालीं एका बागेंत, रडूं कोसळलें असतां, त्याचें मन पालटलें; ३८७ सालीं त्यानें बाप्तिस्मा घेतला. हें आपण केलें असें त्याला कधींच वाटलें नाहीं. तें आपल्यावर घडलें, असें त्याचें म्हणणें.

ज्यानें व्यसनी माणूस जवळून पाहिला आहे त्याला ऑगस्टीनचें म्हणणें समजेल. उद्यांपासून दारूला शिवणार नाहीं, अशी शपथ तो मनापासून घेतो, आणि ती तितक्याच मनापासून मोडते. त्याला ‘इच्छाशक्ति वापर’ असा उपदेश करणें म्हणजे पाय मोडलेल्याला चाल म्हणून सांगणें होय. १९३५ सालीं अमेरिकेंत मद्यपींचा जो ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ नांवाचा संघ निघाला, त्याच्या बारा पायऱ्यांपैकीं पहिली पायरी आपण दारूपुढें हतबल आहों हें कबूल करण्याची आहे. पेलागियसला ती मुळींच आवडली नसती.

४१८ सालीं कार्थेजच्या धर्मपरिषदेनें पेलागियसच्या मताचा निषेध केला. परंतु ऑगस्टीनचें म्हणणें शेवटपर्यंत ताणलें म्हणजे तेंहि भीतिदायक होतें. सर्व कांहीं कृपेनेंच होतें, आणि सर्वच माणसें सुधारत नाहींत, तर मग देवानें कांहींना निवडलें व कांहींना वगळलें असें म्हणणें भाग पडतें. ऑगस्टीन तेथपर्यंत गेला. हजार वर्षांनंतर कॅल्व्हिन हा सुधारक त्याच्याहि पुढें गेला. ५२९ सालच्या ऑरेंज येथील परिषदेनें मात्र तेथें जाण्याचें नाकारलें : आरंभ कृपेचा हें तिनें मान्य केलें, पण देवानेंच कोणाला पापासाठीं नेमून ठेवलें आहे हें मत झिडकारलें.

आपल्या देशांतील वैष्णवांमध्येंहि असाच वाद झाला हें येथें सांगितलें पाहिजे. रामानुजांच्या संप्रदायांत वडकलै आणि तेंकलै असे दोन पक्ष पडले. माकडीण उडी मारते तेव्हां पिलूं तिला घट्ट धरून असतें; मांजरी आपल्या पिलाला तोंडांत धरून नेते, पिलूं कांहींच करीत नाहीं. भक्त माकडाच्या पिलासारखा कीं मांजराच्या, असा तो वाद होता, आणि तो मर्कटन्याय व मार्जारन्याय या नांवांनीं प्रसिद्ध आहे. रुडोल्फ ओटो या जर्मन पंडितानें भारतांतील कृपामार्ग व ख्रिस्ती धर्म यांची तुलना करणारा ग्रंथ १९३० सालीं प्रसिद्ध केला तो या साम्यामुळेंच. ऑगस्टीन अर्थात् मार्जारपक्षाचा. फरक माझ्या मतें असा कीं, वैष्णवांच्या वादांत प्रश्न मुख्यतः संसारबंधनांतून सुटण्याचा आहे, तर ख्रिस्ती वादांत तो अपराधाची क्षमा होण्याचा आणि क्षमेनंतर स्वभाव पालटण्याचा आहे.

हा ‘स्वभाव पालटण्याचा’ भागच सोळाव्या शतकांत वादाचें मूळ झाला. मार्टिन लूथर हा ऑगस्टीनच्या नांवानें चालणाऱ्या पंथाचा संन्यासी. उपास, जागरणें, पापांची पुन्हा पुन्हा कबुली, हें सर्व करूनहि देव आपल्यावर प्रसन्न आहे अशी खात्री त्याला होईना. अधिक शोधावें तों अधिक पापें सांपडत. पौलाच्या पत्रांच्या अभ्यासानें त्याला असें दिसलें कीं, देव माणसाला नीतिमान् ठरवितो तो त्याच्या पुण्याचा हिशेब पाहून नव्हे, तर केवळ विश्वासावरून, ख्रिस्ताच्या पुण्याईनें. पापाचा दंड पैसे घेऊन माफ करणारीं पत्रें त्या वेळीं विकलीं जात. १५१७ सालीं त्यानें त्यांच्यावर उघड हल्ला केला, आणि युरोपची ख्रिस्ती मंडळी दुभंगली. १५४७ सालीं ट्रेंटच्या परिषदेंत रोमन कॅथलिक मंडळीनें आपलें उत्तर दिलें. गंमत अशी कीं, कृपेवांचून माणूस आपल्या कर्मांनीं तरतो या मताचा तिनेंहि प्रथमच निषेध केला. मतभेद उरला तो असा : लूथरच्या मतें देवाची क्षमा न्यायाधीशाच्या निकालासारखी आहे, आरोपी होता तसाच असतांना त्याची सुटका होते, ट्रेंटच्या मतें ती वैद्याच्या औषधासारखी आहे, ती आंत शिरून माणसाला खरोखर बरें करते. एकाला भीति अशी कीं, बरें होण्यावर भिस्त ठेवली तर रोगी रोज आपली नाडी पाहत बसेल. दुसऱ्याला भीति अशी कीं, नुसत्या निकालावर समाधान मानलें तर रोग तसाच राहील. दोन्ही भीतींना आधार आहे. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजीं जर्मनींतील आउग्सबुर्ग शहरीं लूथरपंथी जागतिक संघ व रोमन कॅथलिक मंडळी यांनीं एका संयुक्त निवेदनावर सह्या केल्या. माणसाचा स्वीकार त्याच्या योग्यतेमुळें नव्हे तर कृपेनें होतो, आणि तीच कृपा त्याचें अंतःकरण नवें करून त्याला सत्कर्माकडे नेते, असा त्याचा मथितार्थ आहे. मेथडिस्ट मंडळ्या २००६ सालीं त्यांत सामील झाल्या व रिफॉर्म्ड मंडळ्या २०१७ सालीं.

निवेदनांत जें एका वाक्यांत बसतें तें माणसाच्या आयुष्यांत किती वेळ घेतें, याचें जॉन न्यूटन हें उदाहरण मला फार बोलकें वाटतें. ‘अ‍ॅमेझिंग ग्रेस’ हें जगप्रसिद्ध भजन त्याचें. १७२५ सालीं लंडनमध्यें जन्मलेला हा खलाशी तोंडाळ व नास्तिक म्हणून प्रसिद्ध होता. मार्च १७४८ मध्यें ‘ग्रेहाउंड’ जहाजावर असतांना भयंकर वादळ झालें, जहाज फुटण्याच्या बेतांत आलें, आणि न्यूटनच्या तोंडून देवाचें नांव निघालें. तो दिवस त्यानें जन्मभर पाळला. प्रवचनांत सांगितली जाणारी गोष्ट बहुधा येथें संपते. इतिहास मात्र येथें संपत नाहीं. त्या वादळानंतर न्यूटन गुलामांच्या व्यापारांत राहिला. इतकेंच नव्हे, तर जहाजाचा कप्तान झाला. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून माणसें विकत घेऊन, बेड्या ठोकून, तो तीं अटलांटिकपार नेऊन विकीत असे. रविवारीं तो वरच्या तक्त्यावर खलाशांना जमवून उपासना चालवी. खालीं तळघरांत तीं माणसें साखळदंडांत पडलेलीं असत. १७५४ सालीं त्यानें तो धंदा सोडला, तोहि एकाएकीं आलेल्या आजारामुळें. १७६४ सालीं तो धर्मोपदेशक झाला. तें भजन १७७३ च्या नववर्षदिनासाठीं रचलें गेलें. आणि गुलामांच्या व्यापाराविरुद्ध त्यानें उघडपणें लेखणी उचलली ती १७८८ सालीं! आपली ही कबुली फार उशिरां येत आहे हें त्यानें त्या पुस्तिकेंतच मान्य केलें. पुढें पार्लमेंटच्या समितीपुढें त्यानें साक्ष दिली, विल्बरफोर्सला धीर दिला, आणि १८०७ सालीं तो व्यापार बंद करणारा कायदा झालेला पाहून त्याच वर्षाच्या डिसेंबरांत तो वारला.

वादळापासून पुस्तिकेपर्यंत चाळीस वर्षें. ज्यांना कृपेचा सिद्धांत पोकळ वाटतो ते म्हणतील, पाहा, सहा वर्षें देवाचें नांव घेत माणसें विकलीं. या आक्षेपाला उत्तर नाहीं, आणि तें शोधूंहि नये. त्या जहाजांतील माणसांना न्यूटनच्या अंतःकरणांत काय चाललें आहे याचा कांहीं उपयोग नव्हता. पण दुसरीहि बाजू आहे. आपण क्षमा पावलों आहों अशी ज्याची खात्री नसते, तो आपल्या मोठ्या अपराधाकडे सरळ पाहूं शकत नाहीं. तो त्यावर कारणांचीं पांघरुणें घालीत बसतो. न्यूटनला पांघरूण काढतां आलें. उशिरां काढलें, पण स्वतःच्या हातानें आणि चारचौघांत काढलें. ख्रिस्ती परिभाषेंत या दोन गोष्टींना निरनिराळीं नांवें आहेत : नीतिमान् ठरणें हें क्षणांत होतें, पवित्रीकरण मात्र आयुष्यभर चालतें. न्यूटनच्या समकालीन असलेल्या जॉन वेस्लीनें आपली सारी मेथडिस्ट चळवळ या दुसऱ्या शब्दावर उभारली होती.

पहिल्या शब्दावर थांबून दुसरा विसरणाऱ्यांना सर्वांत कठोर शब्द सुनावले ते लूथरच्याच एका अनुयायानें. डीट्रिख बोन्हेफर हा जर्मन धर्मोपदेशक. हिटलरच्या राजवटींत देशांतील पुष्कळशी मंडळी मान तुकवून स्वस्थ बसलेली त्यानें पाहिली, आणि १९३७ सालच्या आपल्या ग्रंथांत तिच्या या रोगाला ‘स्वस्त कृपा’ असें नांव दिलें : पश्चात्तापाशिवाय क्षमा, आज्ञापालनाशिवाय विश्वास. कृपा फुकट आहे, पण स्वस्त नाहीं, हा त्याचा मुद्दा. ९ एप्रिल १९४५ रोजीं फ्लोसेनबुर्गच्या छळछावणींत त्याला फांशी देण्यांत आलें. त्यामुळें हा मुद्दा नुसता लेखणीचा राहिला नाहीं.

मराठी श्रोत्यांना या विषयाचें सर्वांत जवळचें उदाहरण पंडिता रमाबाईंचें आहे. त्यांच्या धर्मांतरावरून त्या काळीं पुण्या-मुंबईंत मोठें वादळ उठलें, आणि त्याविषयीं आजहि मतभेद आहेत. तो प्रश्न येथें घेत नाहीं. येथें पाहावयाचें तें इतकेंच कीं, त्यांना या धर्मांत नेमकें कशानें ओढलें. अनंतशास्त्री डोंगरे यांची ही कन्या लहानपणापासून आईबापांबरोबर तीर्थयात्रा करीत, पुराणें सांगत फिरली. दुष्काळांत तिचे आईवडील गेले. १८८३ सालीं त्या इंग्लंडला गेल्या. तेथें वाँटेज येथील जोगिणींनीं लंडनच्या फुलहॅम भागांत चालविलेलें एक गृह त्यांनीं पाहिलें. ज्यांना समाज ‘पतित’ म्हणतो अशा स्त्रियांना तेथें आसरा दिला जाई, आणि त्याच स्त्रियांपैकीं कांहीं पुढें इतरांची सेवा करीत. रमाबाईंना नवल वाटलें. अशा बायकांना हीं माणसें जवळ कां करतात, असें त्यांनीं विचारलें, तेव्हां एका जोगिणीनें त्यांना येशू आणि शोमरोनी स्त्री यांची गोष्ट वाचून दाखविली. ती स्त्री पांच नवऱ्यांनंतर सहाव्याजवळ राहत होती, आणि भर दुपारीं एकटीच विहिरीवर पाण्याला आली होती. येशूनें तिच्याजवळ पाणी मागितलें आणि तिच्याशीं उपासनेविषयीं बोलणें केलें. त्याच वर्षीं २९ सप्टेंबरला रमाबाईंनीं बाप्तिस्मा घेतला.

तरी त्यांच्या स्वतःच्या सांगण्याप्रमाणें गोष्ट तेथें पुरी झाली नाहीं. १९०७ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या साक्षींत त्या म्हणतात त्याचा भावार्थ असा कीं, बाप्तिस्म्यानंतर सुमारें आठ वर्षें आपल्याजवळ ख्रिस्ती धर्म होता, मतें होतीं, नियम होते. पण ज्याच्यासाठीं तें सारें, तो ख्रिस्त मात्र लाभलेला नव्हता. पंडितेच्या तोंडीं हें वाक्य साधें नाहीं. जिनें शास्त्रें पाठ केलीं, पदव्या मिळविल्या, तिला आपण पांच वाजतां आलेले मजूर आहों हें उमजावयास आठ वर्षें लागलीं.

पुण्याजवळ केडगांवला त्यांनीं मुक्ति मिशन उभारलें. १८९६-९७ च्या दुष्काळांत मध्यप्रांतांतून उपाशी मुली आणि बायका त्यांनीं तेथें आणल्या. निरनिराळ्या गृहांना निरनिराळीं नांवें दिलीं : शारदा सदन, मुक्ति सदन, प्रीति सदन. फुलहॅममध्यें पाहिलेल्या गृहाच्या धर्तीवर, जगानें ज्यांना टाकून दिलें अशा स्त्रियांसाठीं जें गृह काढलें, त्याचें नांव ‘कृपा सदन’ असें ठेविलें. शिक्षण, काम, शिस्त हें सर्व केडगांवीं होतेंच, आणि शिस्त कडक होती. पण ती दारांतून आंत आल्यावरची. आयुष्याचीं शेवटचीं कित्येक वर्षें रमाबाईंनीं हिब्रू व ग्रीक भाषा शिकून बायबलाचें मराठी भाषांतर करण्यांत घालविलीं; साध्या बाईमाणसाला वाचतां यावें अशी भाषा त्यांना हवी होती. मुक्तीच्या छापखान्यांत खिळे जुळविण्याचें व छपाईचें काम तेथल्या स्त्रियाच करीत. रमाबाई ५ एप्रिल १९२२ रोजीं वारल्या, आणि त्यांचें बायबल १९२४ सालीं प्रसिद्ध झालें.